झोपलेल्या मशीनचं माप

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन डिग्री घेऊन परत आलेली मी पहिली. हे मी आजही चारचौघांत सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या डॉक्टर-वकील आहेत त्यांनी हवं तर संकोच करावा, आम्हाला तो परवडत नाही. निकाल लागला त्या आठवड्यात लकडगंजच्या मागच्या आमच्या गल्लीत बातमी फिरली की मिलिंगवाल्यांची शालू इंजिनिअर झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून बिघडलेल्या वस्तूंची रांग लागली. मिक्सर आले, शिलाई मशीन आलं, एका बँडवाल्याचा कण्हणारा भोंगा आला. आमच्या भिंतीला भिंत लावून डोमाजी काकांची पिठाची चक्की होती. ते तर बायकोचा शुगरचा रिपोर्ट घेऊन आले.

मी म्हटलं, "काका, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे."

"मंग का झालं? माणूस बी इंजिनच हाय ना. पाय, कुठं बिघाड हाय त."

मी रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा नसताना चष्मा सरकवल्यासारखं केलं आणि म्हटलं, "साखर वाढलेली दिसते." काका समाधानानं गेले. मलाही तेव्हा वाटलं की बरोबर निदान केलं. त्या वयात मी कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत असे.

घर म्हणजे पुढे वर्कशॉप, मागे दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या त्या बाजूला धातू कोरणारी मिलिंग मशीन, या बाजूला आईची चूल, म्हणजे गॅसच, पण आई चूलच म्हणे. सकाळी साताला गल्लीतल्या आरा मशीनवर सागाचा पहिला ओंडका चढला की सगळ्या भांड्यांना कंप सुटे, मग डोमाजी काकांचा पट्टा फटफट करत सुरू होई, आणि या दोघांच्या मधून बाबांच्या कटरचा बारीक एकसुरी आवाज यायचा. कटर गार ठेवणाऱ्या कूलंटचा दुधाळ वास आणि वरणाच्या फोडणीचा वास पडद्यापाशी भेटत. आई कणीक मळता मळता आवाजावरून सांगायची, "आज पितळ लावलं वाटते. गोड वाजून राहिलं." बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असलं की म्हणायची, "खोकून राहिली बाप्पा मशीन." ती कधी चुकली नाही. मी चार वर्षं धातूंचे पेपर दिले, पण आवाजावरून मला आजही पितळ आणि कासं यातला फरक कळत नाही.

मशीन एकच होती. बाबांनी ती जुनी घेतली होती, माझ्या जन्माच्या आधी. तिला तीन हँडल: एकानं कापायचा तुकडा बांधलेलं टेबल डावी-उजवीकडे, दुसऱ्यानं पुढे-मागे, तिसऱ्यानं कटर वर-खाली. बाबा ही हँडलं फिरवायचे तेव्हा त्यांचं लक्ष हातांकडे नसायचं, कटरच्या टोकाकडे असायचं. लहानपणी मी दारात उभी राहून तासन्‌तास पाहत असे. आत पाऊल टाकलं की आवाज यायचा, "शालू, हँडलले हात नको." मला बाहुली नको होती, सायकल नको होती, मला ते हँडल हवं होतं. इंजिनिअरिंगला का गेले असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी देशाची औद्योगिक प्रगती वगैरे बोलले. खरं कारण हे होतं.

बाबांची एक रीत होती. मशीन सोडून जायचं, मग ते जेवायला का असेना, तर ते आधी तिला 'निजवत'. काहीतरी करत, वर जुनी चादर पांघरत आणि मगच पडद्याच्या अलीकडे येत. खांडेनवमीला तर मोठीच निजवणूक. मशीन धुऊन पुसून, तेल घालून, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. मग दसऱ्याचा पूर्ण दिवस ती झोपलेली. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा एकटे जाऊन तिला उठवत. यात आम्हा बायकांचं काम म्हणजे नारळाचं खोबरं करणं.

तर माझा निकाल लागला त्याच साली बाबांचं उजवं मनगट गेलं. इतकी वर्षं हँडल फिरवून आतली गादी झिजली होती. डॉक्टर म्हणाले, हे फिरवणं बंद करा, नाहीतर उद्या घासही डाव्या हातानं खावा लागेल. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात मिहानमधल्या एका नव्या कारखान्याचे साहेब गल्ली शोधत आमच्याकडे आले. मिहान ही नागपूरची नवी औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती उभी राहत होती. साहेबांच्या हातात अॅल्युमिनिअमची एक पट्टी होती, तिच्यात केळ्यासारखा वाकडा खाचा. असे नग त्यांना दर महिन्याला हवे होते, आणि सगळे सारखे. "दिवाळीच्या आधी दोन नमुने दाखवा. दोन्ही एकसारखे निघाले तर काम तुमचं," असं सांगून ते गेले. बाबा तसा खाचा करू शकत. दोन हातांनी दोन हँडलं एकाच वेळी फिरवून त्यांनी एक करूनही दाखवला. पण दुसरा पहिल्यासारखा येईना, आणि रात्रभर मनगट शेकावं लागलं.

मी म्हटलं, "बाबा, हँडलांच्या जागी मोटारी लावू. कॉम्प्युटर सांगेल तसं त्या फिरवतील. सगळे नग सारखे निघतील."

बाबांनी विचाराला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी पाटवड्यांचा रस्सा भुरकता भुरकता म्हणाले, "एक डाव देतो तुले. एकच. जमलं त मशीन तू पाय. नाही जमलं त मी विकून टाकतो, अन् तू जा पुण्याले."

पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलेलं होतं. चांगली नोकरी, वातानुकूलित ऑफिस. मैत्रिणी हेवा करत होत्या. मी त्यांना सांगू शकत नव्हते की मला लकडगंजच्या मागच्या गल्लीतली एक तेलकट मशीन हवी आहे.

मोटार कोणती घ्यायची यावर आमच्याकडे जेवताना चर्चा होई. मी पोळीचे तुकडे मांडून समजावलं. एक असते स्टेपर. ती तुम्ही सांगाल तेवढी पावलं मोजून चालते आणि थांबते. वाटेत एखादं पाऊल चुकलं तर तिला त्याचा पत्ता नसतो. दुसरी सर्व्हो. ती दर पावलाला मागं वळून पाहते, चुकलं असेल तर सुधारते, पण महाग आणि तिचे नखरेही जास्त.

"कमी कोण खाते?" आईनं विचारलं.

"म्हणजे?"

"लाइट वं. कमी लाइट कोण खाते?"

"मागं पाहनारी कायले पाहिजे?" बाबा म्हणाले. "सांगितलं तेवढं करनारी आन."

अशा रीतीने स्टेपरवर शिक्कामोर्तब झालं. आता प्रश्न उरला किती ताकदीची. पुस्तकात रीत दिली होती, आणि ती सोपी आहे: हँडलच्या मुठीला वजन टांगायचं आणि किती वजनाला हँडल आपोआप फिरायला लागतं ते पाहायचं. जेवढं लागेल त्याच्या दुपटीची मोटार घ्यायची. पण मशीन रिकामी सापडेल तर ना. बाबा मनगटाला पट्टा बांधून सकाळ-संध्याकाळ जुनी कामं उरकत होते. रिकामा दिवस एकच दिसत होता, दसरा.

"मोजू का बाबा दसऱ्याले?"

"मोज. पण चालवायची नाही. उठवू नको तिले."

मी उठवलं नाही. चादर काढली नाही, माळ हलवली नाही. हँडल चादरीच्या बाहेर आलेलंच होतं. बाबा नवा सदरा घालून आपट्याची पानं वाटायला गेले होते. आई पुरण वाटत होती. मी मुठीला भाजीची थैली टांगली आणि डोमाजी काकांकडून चक्कीवरची वजनं मागवली. काका स्वतःच घेऊन आले, सणाचा दिवस, चक्की बंद, त्यांनाही काम नव्हतं.

एक किलो टाकलं. हँडल ढिम्म. दोन टाकले, ढिम्म. पाच टाकले. पुस्तकात लिहिलं होतं की अशा मशीनला साधारण एक-दीड किलो पुरे. मी पुस्तक पुन्हा पाहिलं आणि मनात म्हटलं, पुस्तकातली मशीन परदेशातली, ही माझ्या बाबांची. दहा किलोला थैलीचे बंद तुटले. काकांनी पोतं आणलं.

"भारी हाय गड्या तुह्या बापाची मशीन," ते म्हणाले. "अन् हे मानूस रोज हातानं फिरवते! म्हनूनच मनगट गेलं."

हा विचार मला फार पटला. डोळ्यांत पाणीही आलं. आम्ही पोत्यात कोण्या बाईंनी दळायला ठेवलेले गहू ओतले, त्यावर आईचा पितळी हंडा ठेवला, हंड्यात आणखी वजनं. आई पुरणाचे हात घेऊन पाहायला आली. वीस किलोच्या पुढे काही दाणे टाकले असतील नसतील, तेवढ्यात मशीनच्या पोटातून 'कर्र' असा आवाज आला आणि हँडल बोटभर खाली आलं. काकांनी टाळी वाजवली. मी वहीत आकडा लिहिला, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

आता माझ्याकडे मुलं येतात. मोबाइलवर मोटारींचे फोटो दाखवतात आणि विचारतात, मॅडम, यातली कोणती घेऊ? मी विचारते, मोजलं का? नाही, म्हणतात. मग मी त्यांना सांगते की न मोजणं वाईट, पण माझ्यासारखं मोजणं त्याहून वाईट. त्यांना वाटतं मी विनयानं बोलते आहे.

मोटारी मिळत सीताबर्डीला, एका कपड्याच्या दुकानाच्या वरच्या माडीवर. आता त्या रस्त्यावरून डोक्यावरून मेट्रो जाते, तेव्हा खाली नुसते ऑटो आणि हातगाड्या. दुकानदार जाडजूड, कानावर पेन्सिल, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. मी आकडा सांगितला. त्यानं पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली.

"मॅडम, क्रेन बनाना है क्या?"

"मिलिंग मशीन आहे."

त्यानं टेबलावर एक मोटार ठेवली, मुठीपेक्षा थोडी मोठी. "सगळे लोक हीच नेतात मिलिंगले. ही नाही चालली त मी कान पकडतो."

"आमच्या मशीनला ही खेळणी चालणार नाही."

"मशीन जाम त नाही ना तुमची? एकदा बघून घ्या."

मला राग आला. म्हटलं, "भाऊ, मी इंजिनिअर आहे. मी स्वतः मोजलं आहे." तो गप्प झाला. इंजिनिअर म्हटलं की माणसं गप्प होतात, हे मला तेव्हा फार आवडायचं. त्यानं मागच्या खोलीतून दोन माणसांकडून एक मोटार ओढून आणली. ती पाण्याच्या बंबाएवढी होती. तिला चालवणारा ड्राइव्ह म्हणजे पंखा बसवलेली लोखंडी पेटी. "हा ड्राइव्ह हिला कमी पडेल," तो म्हणाला, "मोटर मोठी, व्होल्टेज छोटा. हळू चालेल." मी म्हटलं, आम्हाला घाई नाही. आधी एक बसवून बघायची आणि चालली की दुसरी घ्यायची असं ठरवून मी तो बंब सायकल रिक्षात घातला. मला बसायला जागा उरली नाही, मी मागून चालत आले.

गल्लीत स्वागत झालं. आईनं मोटारीला हळदकुंकू लावलं. आरा मशीनवरची माणसं काम थांबवून आली. बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बोटानं वाजवून पाहिलं, आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता असा सूर लावून जमलेल्यांना सांगितलं, "पोरीनं हिशोब करून आनली. अशी कोनाकडे नाही नागपुरात." मी ताठ उभी होते. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा मानेला ताठ राहण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

मोटार टेबलाच्या एका टोकाला बसवली तर टेबल त्या बाजूला झुकलं. दुसऱ्या टोकाला काहीतरी वजन हवं होतं. पहिल्या दिवशी तिथे डोमाजी काका बसले, पण ते उठले की माप बदलायचं. शेवटी आईचा पाटा आणून दोरीनं बांधला. त्यामुळे घरात चटणी बंद झाली. बाबा आठ दिवस ठेच्याशिवाय भाकरी खात होते आणि दर घासाला मशीनकडे पाहत होते.

"हे मशीन हाय का बैलगाडी?" काका विचारायचे. "इकडे मोटर, तिकडे पाटा. मधात जू बांध फक्त."

मशीनशेजारी एका लाकडी मेजावर जुना कॉम्प्युटर मांडला. तेल उडू नये म्हणून आईनं कीबोर्डला दुधाच्या पिशव्या कापून झाकण शिवलं. मी बटण दाबलं. मोटार आधी लांब श्वास घेतल्यासारखी गुरगुरली, मग टेबल हललं. खरंच हललं, हँडल कोणी न धरता. हळू चालवलं की सगळं वर्कशॉप थरथरायचं, फळीवरचे पाने एकमेकांवर आपटायचे, आतल्या घरात डाळीच्या डब्यांची झाकणं नाचायची. जरा वेग वाढवला की ती थरथरणं सोडून गायला लागायची. हार्मोनिअमच्या एकाच पट्टीवर कोणी बोट ठेवून झोपी जावं, तसा सूर. समोरच्या म्हाताऱ्या आजी दाराशी येऊन विचारून गेल्या, भजन कितीला संपते. आणखी वेग वाढवला की ती गात गात थांबायची, पुढे जायची नाही. मी सगळ्यांना सांगितलं की नवीन मोटार आहे, सैल व्हायला वेळ लागेल. मनात खात्री नव्हती. पण गल्लीत सगळ्यांना माझा हिशोब पाठ झाला होता.

साहेब यायला सात-आठ दिवस राहिले होते. त्या दुपारी बाबा जेवायला गेले. जाताना नेहमीप्रमाणे त्यांनी मशीनपाशी वाकून काहीतरी केलं, चादर मात्र टाकली नाही, कारण मी कॉम्प्युटरपाशी बसलेलीच होते. डोमाजी काका स्टुलावर चहा पीत होते. मी म्हटलं, टेबल एकदा त्या टोकापासून या टोकापर्यंत चालवून बघू. कटर बंद होता, टेबलावर काही बांधलेलं नव्हतं. बटण दाबलं.

मोटार गुरगुरली. नेहमीपेक्षा जास्त. मग टेबल हललं, पण त्याबरोबर एक आवाज आला, जो त्या घरात कधी आला नव्हता.

आतून आई ओरडली, "शालू वं! हे कोनतं लोखंड कापून राहिली?"

"काहीच कापत नाही, आई!"

"मंग ते रडून काहून राहिलं?"

पडदा फाटल्यासारखा उघडला. बाबा धावत आले, उजव्या हाताला वरणभात लागलेला. "बंद कर! बंद कर, लॉक हाय!"

मी बंद केलं. बाबा वाकले. टेबलाच्या पुढच्या अंगाला, खाली, दोन लहान मुठी होत्या. मी त्या रोज पाहत होते आणि तेलाच्या असतील असं समजत होते. त्या कसल्या की टेबल जागच्या जागी आवळलं जातं, कोणी धक्का मारला तरी हलत नाही. हे होतं बाबांचं निजवणं. चादर नुसती वरून. आणि त्या दोन्ही मुठी आत्ता पूर्ण कसलेल्या होत्या. टेबल त्यांच्यासकट चार बोटं सरकलं होतं.

बाबांनी मुठींकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, पाट्याकडे पाहिलं.

"लॉक असून चालली?"

"मंग त मोटर भारी हाय ना भाऊ!" डोमाजी काका म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला विचारलं, "दसऱ्याले मोजलं तव्हा ह्या मुठी सोडल्या होत्या का?"

"कोणत्या मुठी?"

"चादर काढली होती?"

"नाही. तुम्ही म्हणाले उठवू नको."

मग काकांनी कप खाली ठेवला आणि अगदी मनापासून कौतुकानं म्हणाले, "म्हनजे हिशोब बरोबर निघाला पोरीचा! लॉक तोडाले जेवढी पाहिजे, तेवढीच आनली. वर डबल."

ते खरं होतं. माझ्या हिशोबात एका आकड्याचीही चूक नव्हती. मी गल्लीतली पहिली इंजिनिअर, एका कुलपाची ताकद अचूक मोजून, त्याला भारी पडेल अशी मोटार सीताबर्डीहून घेऊन आले होते. हातानं फिरवणाऱ्या बाबांना कधीच वीस किलोचा जोर लागत नव्हता. त्यांचं मनगट माझ्या हिशोबातल्या जोरानं गेलं नव्हतं, ते हजारो हलक्या फेऱ्यांनी गेलं होतं. त्या दुकानदारानं मला विचारलं होतं, मशीन जाम तर नाही ना.

बाबा टेबल ज्यावर सरकतं त्या घासपट्टीवरून डाव्या हाताचं नख फिरवत होते. एक ओरखडा पडला होता. मला माहीत होतं ते काय बोलणार. एकच डाव होता. मी काहीतरी शास्त्रीय सांगू शकले असते, आणि बाबांनी ऐकून घेतलं असतं. माझ्या तोंडात 'स्थिर घर्षण' हा शब्द आलासुद्धा होता.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला ही मशीन येत नाही. पुस्तकातली येते. ही येत नाही."

बाबा नख फिरवत राहिले. हातावरचा भात वाळला होता.

"लॉक म्या केलं होतं," ते म्हणाले. "तुले सांगितलं नाही. कधीच नाही सांगितलं."

मी धीर करून विचारलं, "मग डाव संपला?"

बाबांनी थोडा विचार केला. हा विचार ते एखाद्या पंचासारखा गंभीरपणे करत होते. "डाव कुठं झाला? झोपलेल्या मशीनवर डाव होते का? उठल्यावर होते." मग मुठी सोडल्या, आधी एक, मग दुसरी, आणि पडद्याकडे जाता जाता म्हणाले, "हात धुऊन येतो. वजनं काढ. अन् तो बंब उतरव पहिले."

आम्ही तो बंब उतरवला. बाबांनी मला हँडलपाशी बोलावलं आणि माझा हात त्यावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. "फिरव." मी फिरवलं. ते लोण्यात सुरी जावी तसं फिरलं. मी तेव्हा रडले नाही, पण वजन टांगताना थैलीचा बंद मला दोनदा बांधावा लागला. सव्वा किलोला हँडल आपलं आपण खाली गेलं. डोमाजी काका उरलेली वजनं तशीच परत घेऊन गेले, नाराज होऊन.

सीताबर्डीच्या माडीवर मी बंब परत नेला. दुकानदारानं पेन्सिल काढली.

"जाम होती ना?"

"लॉक होती."

तो इतका हसला की खालून कपड्यावाला वर पाहायला आला. त्यानं त्यालाही सांगितलं. मी उभी राहून ऐकून घेतलं. मग मी वही काढली आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा, मी लिहिते. त्यानं हसू आवरलं आणि तासभर शिकवलं. की मोठी मोटार म्हणजे चांगली मोटार नव्हे, तिच्या आतलं चक्रच इतकं जड असतं की ते फिरवण्यातच ती दमते. की मोटारीइतकाच ड्राइव्हही पारखून घ्यायचा, व्होल्टेज पुरेसं असेल तर लहान मोटारही पळते. की टेबल उलट फिरवताना हँडल आधी थोडं पोकळ जातं, ते मोजून कॉम्प्युटरला सांगायचं. त्यानं मला दोन मोटारी दिल्या, त्याच, मुठीपेक्षा थोड्या मोठ्या. दोन्ही माझ्या पर्समध्ये मावल्या. बंब त्याच्या माडीच्या दारात बरीच वर्षं पडून होता. एक कुत्रं त्याच्यावर झोपायचं.

गल्लीत या वेळी स्वागत झालं नाही. बाबा मोटारी हातात घेऊन म्हणाले, "हे त लेकरं हायेत वं." पण बसवल्या. पाटा आत गेला, त्या रात्री ठेचा झाला आणि बाबांनी पाच भाकरी खाल्ल्या. टेबलाचे दोन्ही प्रवास मोटारीवर, वर-खालीचं हँडल मात्र बाबांच्या डाव्या हातात. पहिला खाचा वाकडा आला, म्हणजे हवा तसा वाकडा नव्हे, भलताच. दुसरा शेंगदाण्यासारखा आला. मी प्रत्येक वेळी मुठी सुटलेल्या आहेत ना ते वाकून पाहायचे, बाबाही पाहायचे, एकदा आमची डोकी आपटली. पाचवा आणि सहावा नग एकावर एक ठेवून बाबांनी उजेडाकडे धरले आणि कडेकडेनं नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. त्यांनी ते मला न देता आधी आईला नेऊन दाखवले. आई म्हणाली, "एकच हाय ना हे?" तेव्हा त्यांनी ते दोन आहेत हे वेगळे करून दाखवलं.

साहेब आले. सोबत त्यांचा व्हर्निअर होता. दोन्ही नग चार-चार ठिकाणी मोजले, पुन्हा मोजले, मग आणखी एक समोर करून दाखवा म्हणाले. मी बटण दाबलं, बाबांनी डाव्या हातानं कटर खाली घेतला. नग निघाला. साहेबांनी तो गरम असतानाच मोजला आणि मान हलवली. मग त्यांनी डायरी उघडली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाबांना विचारलं, "काका, दिवसाला असे किती नग निघतील?"

बाबा फडक्यानं हात पुसत होते. पुसून झालेले हात त्यांनी आणखी थोडा वेळ पुसले.

"तिले विचारा," ते म्हणाले. "काम ते पाहते."

साहेब माझ्याकडे वळले. मी एक नग किती वेळात झाला ते पाहिलंच नव्हतं. डोमाजी काका दारातून मला हातानं खुणा करत होते, पन्नास, पन्नास म्हण.

"आत्ता नाही सांगता येणार," मी म्हटलं. "दोन नग लावून पाहते, मग सांगते."

साहेबांनी पुन्हा बाबांकडे पाहिलं, घरातल्या कर्त्या माणसाकडे पाहावं तसं. बाबांनी स्टूल फडक्यानं पुसलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"पाहून सांगते म्हने ना. बसा साहेब. चहा येऊन राहिला."